जाहिरातीची शक्कल अंगाशी येते तेव्हा : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानाचं उद्घाटन, नव्या नाटकाचा शुभारंभ, क्लासची ॲडमिशन, येऊरच्या पायथ्याशी उघडलेलं रिसॉर्ट. निमित्त कुठलंही असो, प्रश्न एकाच सुरात येतो : "काहीतरी हटके करायचंय, पण लफडं होणार नाही ना?" दुसऱ्या बाजूनं रहिवाशांचेही प्रश्न येतात : "गेटवर लाल दिवा लुकलुकणारी डबी चिकटवलेली दिसली, काय करू?" दोन्ही बाजूंचे प्रश्न इथे एकत्र दिले आहेत. कायद्याची माहिती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार आहे. गुन्हा दाखल झाला असेल तर मात्र हे पान वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

१. गेरिला मार्केटिंग म्हणजे नेमकं काय? ते बेकायदा असतं का?

कमी पैशांत, अनपेक्षित जागी, लोकांना थबकायला लावणारी जाहिरात. १९८४ साली जे कॉनरॅड लेविन्सन यांनी ही संज्ञा रूढ केली. त्यांच्या डोळ्यांसमोर छोटे व्यावसायिक होते. मोठ्या होर्डिंगचं भाडं ज्याला परवडत नाही, त्यानं पैशाऐवजी डोकं चालवावं, हा त्यामागचा विचार. तो बेकायदा नाही. राम मारुती रोडवर पदपथावर खडूनं काढलेलं चित्र, तलावपाळीला अचानक सुरू झालेलं पथनाट्य, हे सगळं त्यातच येतं. बेकायदा ठरते ती जागा, वस्तू किंवा लोकांवर झालेला परिणाम.

२. लोकांनी घाबरावं असं आम्हाला कुणालाच नको असतं. मग बिघडतं कुठे?

तुम्हाला कथा ठाऊक असते, रस्त्यावरच्या माणसाला नसते. ऑफिसात बसून पाहताना ती डबी गमतीची वाटते, कारण ती कशी बनवली हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत असतं. सकाळी ८:१०ची लोकल पकडायला धावणाऱ्या बाईला दिसतात फक्त वायर, बॅटरी, टेप आणि लुकलुकणारा दिवा.

म्हणून माझी एकच कसोटी आहे आणि पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत : समोरच्याला पहिल्या काही सेकंदांत "ही जाहिरात आहे" हे कळलं पाहिजे. तुमच्या कल्पनेतली मजा "हे खरं आहे की खोटं" या गोंधळावरच उभी असेल, तर ती कल्पना सोडून द्या. तो गोंधळ म्हणजेच भीती आणि तिची किंमत दुसरेच मोजतात : लोकलमध्ये अडकलेले, ॲम्ब्युलन्सची वाट पाहणारे, कुत्र्याला घेऊन धावत आलेले पोलीस.

३. बॉस्टनचं उदाहरण सगळे देतात. तिथे नक्की काय झालं होतं?

३१ जानेवारी २००७. एका कार्टून मालिकेवरच्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी टर्नर ब्रॉडकास्टिंगनं एका एजन्सीमार्फत अमेरिकेतल्या १० शहरांत एलईडीचे छोटे फलक लावले होते. त्यावर एक चौकोनी कार्टून पात्र असभ्य हातवारा करताना दिसे. बॉस्टनमध्ये सकाळी आठच्या सुमारास सलिव्हन स्क्वेअर स्थानकाजवळ, महामार्गाच्या पुलाखालचा एक फलक एका प्रवाशाच्या नजरेस पडला. मागच्या बाजूला बॅटऱ्या, तारा आणि काळी टेप. बॉम्बशोधक पथक आलं, मग शहरभर तशाच वस्तूंच्या तक्रारी सुरू झाल्या. रस्ते, पूल, चार्ल्स नदीतली वाहतूक बंद झाली. कंपनीनं जाहीर उलगडा केला तोवर दुपार टळली होती.

फलक लावणाऱ्या दोन तरुण कलाकारांना अटक झाली. त्यांनी समाजसेवा आणि जाहीर माफी कबूल केल्यावर आरोप मागे घेतले गेले. टर्नर आणि एजन्सीनं मिळून २० लाख डॉलर भरले : निम्मे यंत्रणांच्या खर्चापोटी, निम्मे सदिच्छा म्हणून. टर्नरच्याच कार्टून नेटवर्क या वाहिनीच्या प्रमुखांनी त्याच फेब्रुवारीत राजीनामा दिला.

४. बाकीच्या नऊ शहरांत तर असा गोंधळ झाला नाही. मग दोष बॉस्टनच्या पोलिसांचाच नाही का?

हा युक्तिवाद तेव्हाही झाला. पोलिसांनी वाजवीपेक्षा जास्त धावपळ केली असं म्हणणारे तिथे आजही आहेत आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण नऊ ठिकाणी काही झालं नाही म्हणून दहाव्या ठिकाणी होणार नाही, असं गृहीत धरणं हीच खरी चूक. फलक नेमके वाहतुकीच्या नाड्यांवर लावलेले होते आणि पोलिसांना आधी कुणी कळवलं नव्हतं. स्थानिक पोलीस ठाण्याला एक पत्र आणि जागांची यादी दिली असती तर पहिल्याच फोनवर विषय मिटला असता. कायद्यापुढेही "इतरांना कुठे भीती वाटली?" हा बचाव फार टिकत नाही, कारण प्रश्न तुमच्या इथल्या लोकांना वाजवी भीती वाटली का, हा असतो.

५. आपल्याकडे कोण एवढं घाबरतं? ठाणे स्टेशनवर बेवारस बॅग दिसली तरी लोक वळसा घालून पुढे जातात.

वळसा घालतात, कारण ट्रेन गाठायची असते. आठवण गेलेली नाही. १३ मार्च २००३ला शेजारच्या मुलुंड स्थानकात लोकलमध्ये स्फोट झाला. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. २००८च्या ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला, तो वेळीच निकामी केला गेला. चारच दिवसांनी, ४ जूनला, ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये स्फोट होऊन सातजण जखमी झाले. नाट्यगृहाच्या आवारात "गूढ पेटी" ठेवून नाटकाची प्रसिद्धी करण्याची कल्पना मला दरवर्षी कुणी ना कुणी उत्साहानं सांगतं. त्या कल्पनेत या दोन इमारतींचा इतिहास कुठेच नसतो.

आणि २२ सप्टेंबर २०१६ आठवा. उरणमध्ये शाळकरी मुलांनी शस्त्रं घेतलेले संशयास्पद लोक पाहिल्याचं सांगितलं आणि मुंबई, नवी मुंबई, ठाणे, रायगड सगळीकडे हाय अलर्ट लागला. नौदल, एनएसजी, पोलीस शोधाला लागले. कुणी सापडलं नाही. पण समुद्र, बंदर, नौदलाचा तळ, खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र अशा पट्ट्यात आपण राहतो. इथे दोन-तीन मुलांचं बोलणंसुद्धा यंत्रणेला गंभीरपणे घ्यावंच लागतं.

६. परवानगी नक्की कुणाची घ्यायची?

जागा कुणाची, यावर सगळं अवलंबून आहे. आधी तेच शोधा.

रस्ता, पदपथ, चौक, उद्यान असेल तर महापालिका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार जाहिरात लावायला आयुक्तांची परवानगी लागते. इथे एक नेहमीची फसगत होते : खारघर, कामोठे, कळंबोली यांना सगळे नवी मुंबई म्हणतात, पण २०१६पासून ते पनवेल महापालिकेत आहेत. बेलापूरला नवी मुंबई महापालिकेत अर्ज देऊन खारघरच्या उत्सव चौकात कार्यक्रम करता येत नाही. पोलीस आयुक्तालय मात्र नवी मुंबईचंच, जे पनवेल आणि उरणही सांभाळतं.

गर्दी जमणार असेल, आवाज होणार असेल, तर स्थानिक पोलीस ठाणं. वाहनं थबकणार असतील तर वाहतूक शाखेची ना हरकत. ठाणे स्थानक मध्य रेल्वेचं. वाशी, बेलापूर, सीवूड्ससारख्या स्थानकांत फलाट रेल्वेकडे, तर वरच्या व्यापारी इमारतीचा कारभार वेगळ्या हातात असू शकतो, म्हणून एकाच्या होकारावर विसंबू नका.

परवानगीचा अर्ज करताना वस्तूचा फोटो मागच्या बाजूनेही जोडा. समोरून सुंदर दिसणारी वस्तू मागून कशी दिसते, हेच पोलीस पाहतात.

७. मॉल किंवा सोसायटी खाजगी आहे. मालकानं हो म्हटलं की पुरे ना?

जाहिरात लावायला कदाचित पुरेल. भीती पसरली तर नाही. मॉलमध्ये कुणी किंचाळलं आणि सरकत्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, तर मालकाची सही कुणाला वाचवत नाही. सुरक्षारक्षकांच्या तिन्ही पाळ्यांना लेखी कळवा. सकाळच्या पाळीला माहीत असतं, रात्रीचा रक्षक ११२ फिरवतो, हे हमखास घडतं.

८. काही झालंच तर कोणती कलमं लागू शकतात?

सार्वजनिक उपद्रव (कलम २७०, शिक्षा २९२) आणि रस्त्यात अडथळा (२८५) यांत फक्त दंड आहे आणि तोही फार नाही. बेदरकार कृतीनं इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर कलम १२५. त्यात कुणाला गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकांत भीती पसरेल अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं कलम ३५३मध्ये येतं आणि त्यात व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामही धरलेलं आहे. ते लागू व्हायला केवळ भीती पुरत नाही, त्या भीतीपोटी सार्वजनिक शांततेविरुद्ध गुन्हा घडण्याची शक्यताही दिसावी लागते. पोलिसांनाच खोटी खबर दिली तर कलम २१७.

भिंती, खांब रंगवले किंवा पोस्टर चिकटवली तर १९९५चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. "धुतल्यावर जाईल" हे कारण चालेल असं धरू नका. २००१मध्ये आयबीएमनं सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या पदपथांवर लिनक्सची चिन्हं छापली. पावसानं निघून जाणारा खडू वापरायचं ठरलं होतं, पण चिन्हं निघेनात आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली.

९. पेपरात, पार्सलात किंवा कुरिअरनं आवाज करणारी वस्तू पाठवली तर?

घरात येणाऱ्या वस्तूची भीती रस्त्यावरच्या वस्तूपेक्षा जास्त असते, कारण तिच्यापासून दूर जायला जागा नसते.

२००६मध्ये लॉस एंजेलिस परिसरात एका ॲक्शनपटाची धून वाजवणारी छोटी यंत्रं ४,५०० वृत्तपत्र-पेट्यांमध्ये बसवली होती. काही यंत्रं निसटून पेपरांच्या गठ्ठ्यावर पडली आणि लोकांना लाल वायरची डबी दिसली. एक पेटी तर पथकानं स्फोट करून उडवली. २०१४मध्ये सिडनीच्या एका वृत्तसंस्थेच्या कार्यालयात व्हिडिओ गेमच्या प्रसिद्धीसाठी काळी तिजोरी पाठवली गेली. ती बीप करू लागल्यावर बॉम्ब पथक बोलवावं लागलं. आपल्याकडे २१ सप्टेंबर २०१०ला फोक्सवॅगननं वृत्तपत्राचं पान उघडताच बोलणारी जाहिरात दिली होती. कल्पना म्हणून ती गाजली, पण कागदातून अचानक आलेल्या आवाजानं दचकलेले वाचकही होते.

पार्सल पाठवायचंच तर बाहेरच्या बाजूला मराठीत ठळक लिहा : कुणाकडून, आत काय आहे, आवाज येईल का, आणि ताबडतोब उचलला जाईल असा फोन नंबर. "ओळखा पाहू कोण?" असली निनावी पार्सलं पाठवू नका.

१०. नकली पोलीस, खेळण्यातली बंदूक, अपहरणाचा प्रसंग : नाटकासारखं केलं तर?

करू नका. २०१० साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका बारमध्ये व्हिडिओ गेमसाठी भाड्यानं आणलेला माणूस गिऱ्हाइकांवर नकली बंदूक रोखत फिरला. लोकांनी पोलीस बोलावले आणि पोलीस खऱ्या बंदुका घेऊन आले. त्या क्षणी त्या नटाचं काही बरंवाईट झालं असतं तर दोष कुणाला द्यायचा होता?

आपल्याकडे लोकसेवक असल्याचं भासवून काही कृती केली तर कलम २०४ आहे, त्यात किमान सहा महिने कैद आहे. फसवण्याच्या हेतूनं गणवेश घालणं कलम २०५मध्ये येतं. पथनाट्यात पोलिसाचं पात्र असेल तर भोवती प्रेक्षकांचा गोल, ढोलकी, फलक हवाच, म्हणजे दुरून येणाऱ्यालाही नाटक चाललंय हे कळतं.

११. "मुलगी हरवली आहे" असं पोस्टर लावून पुढच्या आठवड्यात वेबसिरीजचं नाव उघड केलं तर चालेल?

हा प्रश्न आला की मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावानं पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. भटक्या समाजातली, पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं होती ती. मूल हरवल्याची खोटी बातमी ही या राज्यात निव्वळ जाहिरात राहूच शकत नाही. नाक्यावरचा फेरीवाला, परप्रांतीय मजूर, एखादी वेडसर बाई, कुणावर तरी ती उलटते. शिवाय पुढच्या वेळी खरंच हरवलेल्या मुलाच्या पोस्टरकडे लोक "सिरीज असेल" म्हणून पाहतील. त्या मुलाचे आईबाप तुम्हाला कधी भेटणारही नाहीत.

१२. आमचं रिसॉर्ट येऊरजवळ आहे. एआयनं बनवलेला बिबट्याचा व्हिडिओ टाकला तर व्हायरल होईल.

होईल, आणि वन विभागाची माणसं रात्रभर फिरतील. फेब्रुवारी २०१९मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये खरा बिबट्या शिरला होता आणि जवळच्या हॉटेलच्या तळघरातून त्याला पकडावं लागलं. त्यामुळे "घोडबंदर रोडवर बिबट्या" ही बातमी ठाणेकर खरीच मानतात आणि मानायलाच हवी. खोट्या व्हिडिओंनी कंटाळलेली वस्ती खऱ्या बिबट्याच्या दिवशी मुलांना आत घेणार नाही. व्हिडिओवर कोपऱ्यात "काल्पनिक" लिहिलं तरी फॉरवर्ड करताना तो कोपरा कापला जातो. कलम ३५३बद्दल प्रश्न ८ पाहा.

१३. पण उद्देश चांगला असेल तर? आम्ही आरोग्याची जागृती करतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये अभिनेत्री पूनम पांडे यांचं गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं निधन झाल्याची पोस्ट त्यांच्याच खात्यावर आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण जिवंत असल्याचं सांगितलं, हेतू जागृतीचा होता. चर्चा झाली, पण लसीपेक्षा फसवणुकीची जास्त झाली आणि मोहिमेतल्या एजन्सीला माफी मागावी लागली. ज्या घरात त्या आजारानं बाई गेली आहे, त्या घराला त्या चोवीस तासांत काय वाटलं असेल, याचा विचार आधी व्हायला हवा होता. संस्थेचं भांडवल म्हणजे विश्वास. तोच खर्च करून जागृती होत नाही.

१४. ड्रोननं रात्री आकाशात लोगो दाखवायचा आहे.

ड्रोन नियम २०२१नुसार सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन नकाशावर आपली जागा लाल (मनाईच्या), पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) की हिरव्या (मोकळ्या) पट्ट्यात आहे ते आधी बघा. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आहे, त्यामुळे उलवे-पनवेलकडचे जुने अंदाज आता धरू नका. शिवाय पोलीस आयुक्तालयं वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, त्या आठवड्याचा आदेश पोलीस ठाण्यात विचारा.

१५. बदनामी झाली तरी नाव होतंच ना? बॅड पब्लिसिटी असं काही नसतं म्हणतात.

ऑक्टोबर २००९मध्ये लॅटव्हियात माझ्सालाका गावाजवळ उल्का पडल्याची बातमी आली. खड्डा पेटलेला, शास्त्रज्ञ आणि सैनिक धावले. तो खड्डा टेली२ या दूरसंचार कंपनीनं खोदून घेतला होता. खर्च भरून देण्याची तयारी तिला दाखवावी लागली आणि देशाच्या गृहमंत्र्यांनी मंत्रालयाचा त्या कंपनीशी असलेला करार संपवत असल्याचं सांगितलं. छोट्या धंद्यात तर गिऱ्हाईक आणि शेजारी एकच असतात. नौपाड्यात ज्या दुकानामुळे तीन तास रस्ता बंद होता, त्या दुकानाचं नाव लोकांच्या लक्षात राहील हे खरं. ते आत पाऊल टाकतील का, हा वेगळा प्रश्न.

१६. मी कॉलेजात आहे, रोजंदारीवर पोस्टर-डब्या चिकटवतो. अडकलो तर जबाबदारी कुणाची?

एजन्सीची आणि कंपनीचीही, पण पोलिसांच्या हाती पहिला सापडतो तो तूच. बॉस्टनमध्येही अटक फलक लावणाऱ्यांना झाली, कल्पना मंजूर करणाऱ्यांना नाही. म्हणून काम हातात घेण्यापूर्वी चार गोष्टी माग : लेटरहेडवरचं कामाचं पत्र, परवानगीची प्रत, जबाबदार माणसाचा नंबर आणि ओळखपत्र. "रात्री दोननंतर लाव, कुणी बघू नये" असं सांगितलं तर परवानगी नाही हे समजून जा आणि नाही म्हण. पाचशे-हजार रुपयांसाठी चारित्र्य पडताळणीत नोंद लागली तर पुढच्या नोकरीला ती आडवी येते. एजन्सीवाल्यांना विनंती आहे, स्वतःच्या मुलाला ज्या कामाला पाठवणार नाही, त्याला दुसऱ्याच्या मुलाला पाठवू नका.

१७. गडबड झालीच, लोक घाबरलेत. पहिल्या तासात काय करू?

११२ला फोन करून स्वतःहून सांगा : वस्तू आमची आहे, एकूण इतक्या आहेत, या या जागी आहेत, आत हे हे आहे. फोटो आणि यादी तयार असेल तर दोन मिनिटांचं काम. मालकाला विचारू, वकिलाला विचारू, उद्या सकाळी पोस्ट टाकू, यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. एक जबाबदार माणूस जागेवर पाठवा, पण पोलिसांनी दोरी लावल्यावर वस्तू स्वतः उचलायला जाऊ नका. बाकीच्या जागांवरच्या वस्तू कशा काढायच्या तेही त्यांनाच विचारा.

मग साध्या मराठीत माफी. "कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास" असली गोलमोल वाक्यं नकोत. काय केलं, कुणाला त्रास झाला, काय काढून घेतलं, एवढं लिहा. त्यात उत्पादनाचं नाव मिरवू नका.

१८. मी रहिवासी आहे. गेटवर संशयास्पद डबी दिसली. जाहिरात असेल तर माझं हसं होईल आणि केसही होईल का?

हसं होऊ दे. हात लावू नका, हलवू नका, लोकांना लांब करा, ११२ फिरवा. लोकलमध्ये किंवा स्थानकात असाल तर १३९ किंवा जवळचा रेल्वे पोलीस. व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी फोन करा.

केसची भीती बाळगू नका. कलम २१७ खोटं आहे हे माहीत असून खबर देणाऱ्यासाठी आहे. मनापासून शंका आली म्हणून कळवणाऱ्यासाठी नाही.

१९. मग अचानक, चकित करणारं काही करायचंच नाही का?

जरूर करा. नोव्हेंबर २०११मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सुमारे दोनशे तरुण-तरुणींनी गाणं लागताच नाच सुरू केला. २६/११ला जिथे गोळीबार झाला, त्याच स्थानकात, त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी. प्रवासी थांबले, हसले, टाळ्या वाजवल्या. आयोजकांनी रेल्वेची परवानगी घेतली होती आणि पाहणाऱ्याला पहिल्याच ठेक्याला कळत होतं की हा नाच आहे. तलावपाळीला, सागर विहारला, पाम बीचच्या कडेला असं कितीतरी करता येईल : वासुदेव, भारूड, रांगोळी, सावल्यांचे खेळ. ऐन गर्दीची वेळ आणि जिन्याचं तोंड तेवढं टाळा.

२०. मोहीम सुरळीत पार पडली. आता आणखी काही करायचं राहतं का?

लावलेली प्रत्येक वस्तू काढून आणायची. बॉस्टनचे फलक त्या सकाळच्या आधी दोन-तीन आठवडे तिथेच होते, कुणी तक्रार केली नव्हती इतकंच. पावसानं स्टिकर गळून पडतो, नाव पुसलं जातं आणि पुलाखाली उरते ती निव्वळ वायर लोंबणारी डबी. म्हणून प्रत्येक वस्तूवर न पुसणाऱ्या शाईनं क्रमांक आणि फोन नंबर घाला, लावताना जागेचा फोटो घ्या, काढताना यादीवर खूण करा. एखादी सापडलीच नाही तर तिचा क्रमांक आणि जागा स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या.